चामडे कापणारा महापौर

महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की आपल्या वस्त्यांमध्ये हालचाल सुरू होते. पद अनुसूचित जातीसाठी निघाले तर फटाके वाजतात, फलक लागतात आणि महिनाभर चावडीपासून बुद्धविहारापर्यंत एकच चर्चा चालते : कोण होणार? होऊन काय करणार, हे मात्र कोणी विचारीत नाही. त्यातून हल्ली चार पैसे गाठीला बांधलेला माणूसच या शर्यतीत उतरू शकतो. हा मनुष्य नगरसेवक झाला म्हणून ठेकेदार झाला, की ठेकेदार होता म्हणून नगरसेवक झाला, हे कोडे सुटता सुटत नाही. धंदेवाल्याने राजकारणात येऊच नये, असे माझे म्हणणे नाही. येऊन त्याने कोणाची बाजू घेतली, एवढेच बघायचे. या निमित्ताने एका महापौराची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. तो आपल्या देशातला नाही, आपल्या जातीचा नाही, आणि त्याला जाऊन सव्वाशे वर्षे होत आली. पण त्याच्या हातात आयुष्याच्या सुरुवातीला रापी होती.

त्याचे नाव हेझन पिंग्री. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथल्या डेन्मार्क नावाच्या खेड्यात ३० ऑगस्ट १८४० रोजी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि सूतगिरणीत कामाला जावे लागले. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यातील हॉपकिंटन गावी बुटांच्या कारखान्यात ते चामडे कापण्याचे काम शिकले. ज्यांच्या घरात हा धंदा झाला आहे त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको. कातड्याचा कोणता भाग तळाला, कोणता वरच्या बाजूला, कोठे कातडे पातळ आहे, कोठे जनावराच्या जखमेचा वण आहे, हे नजरेने ओळखावे लागते. एक काप चुकला तर अख्खे कातडे वाया जाते.

मात्र एक फरक येथेच नमूद केला पाहिजे. अमेरिकेत चामडे कापणाऱ्या गोऱ्या मुलाला त्याच्या धंद्यावरून कोणी विहिरीपासून दूर ठेवले नाही. तो गरीब होता, अस्पृश्य नव्हता. म्हणूनच तो पुढे कारखानदार होऊ शकला. त्या देशातले अस्पृश्य दुसरेच होते. ते दक्षिणेत कापसाच्या मळ्यात साखळदंडात राबत होते आणि त्यांच्या गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले.

१८६२ साली पिंग्री उत्तरेच्या सैन्यात साधे शिपाई म्हणून भरती झाले. १८६४ मध्ये ते शत्रूच्या हाती सापडले आणि जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथील कैद्यांच्या छावणीत जाऊन पडले. ही छावणी म्हणजे उघड्या माळावर लाकडी खांबांचे कुंपण. डोक्यावर छप्पर नाही, पिण्याला घाणीने भरलेला एक ओढा. चौदा महिन्यांत सुमारे ४५ हजार कैदी तेथे कोंडले गेले आणि त्यांतले जवळजवळ १३ हजार उपासमारीने, हगवणीने, रोगराईने मेले. पिंग्री तेथून जिवंत सुटले. कैद्यांच्या अदलाबदलीच्या वेळी हजेरीत दुसऱ्याच्याच नावाला ओ देऊन ते निसटले, असे सांगतात. सुटल्यावर घरी न जाता ते पुन्हा आपल्या पलटणीत दाखल झाले आणि युद्ध संपेपर्यंत लढले.

युद्धानंतर ते मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात आले. काही काळ दुसऱ्याच्या बुटांच्या कारखान्यात नोकरी केली आणि १८६६ साली चार्ल्स स्मिथ नावाच्या भागीदाराबरोबर एक छोटा कारखाना विकत घेतला. मूठभर कामगारांवर सुरू झालेला हा धंदा वीस वर्षांत सातशेच्या वर कामगारांचा झाला. पिंग्री अँड स्मिथ हे नाव अमेरिकेच्या त्या भागात घरोघर पोहोचले. माणूस श्रीमंत झाला. बँकेचा संचालक झाला, शहराच्या बड्या वस्तीत मोठे घर बांधले. कथा येथेच संपली असती तर ती सांगण्याचे काही कारण नव्हते. अशा कथा शेकड्यांनी आहेत.

१८८९ साली रिपब्लिकन पक्षाच्या व्यापारी मंडळींना महापौरपदासाठी एक स्वच्छ, आपल्यातलाच, हिशेबी माणूस हवा होता. (हा रिपब्लिकन पक्ष म्हणजे लिंकनचा पक्ष, आपला नव्हे. नावावरून कोणाचा घोटाळा होऊ नये.) कर वाढू देणार नाही, नगरपालिका काटकसरीने चालवील, अशी त्यांची अपेक्षा होती. पिंग्री आधी तयार नव्हते. नंतर तयार झाले आणि जर्मन, आयरिश, पोलिश मजुरांच्या मोहल्ल्यांतून, दारूच्या गुत्त्यांतूनसुद्धा, फिरून मते मागून निवडून आले. जानेवारी १८९० मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. पुढे १८९१, १८९३ आणि १८९५ अशा आणखी तीन निवडणुका ते जिंकले.

सुरुवात रस्त्यांपासून झाली. डेट्रॉइटचे रस्ते त्या वेळी देवदाराच्या लाकडी ठोकळ्यांचे होते. उन्हाळ्यात ते सुकून निघत, पावसाळ्यात कुजत. ठेकेदार ठरलेले, त्यांचे नगरसेवक ठरलेले, आणि दर काही वर्षांनी तोच रस्ता नव्याने करण्याचे बिलही ठरलेले. (हे वाचून कोणाला आपल्या गावाची आठवण झाली तर तो योगायोग समजावा.) कातड्यातली खोट नजरेने ओळखणाऱ्या माणसाला रस्त्यातली खोट का दिसू नये? पिंग्रींनी ठेक्यांची कागदपत्रे स्वतः उलगडून पाहिली. काही वर्षांत शहराला पक्के रस्ते मिळाले.

पण रस्त्यांच्या मागोमाग ते जिथे पोहोचले तिथे त्यांच्या व्यापारी मित्रांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गॅस, दिवाबत्ती, ट्राम ही शहराची रोजची गरज. ती सगळी खाजगी कंपन्यांच्या मक्त्यात होती आणि त्या कंपन्यांचे भागीदार म्हणजे पिंग्रींना उमेदवारी देणारेच लोक.

एप्रिल १८९१ मध्ये ट्रामच्या कामगारांनी संप केला. संघटना केली म्हणून कामावरून काढलेल्या माणसांना परत घ्या, ही मागणी होती. शहरातल्या इतर कारखान्यांचे कामगारही रस्त्यावर आले, गाड्या अडवल्या. कंपनीने महापौरांकडे लष्कर मागितले. त्या काळी असे लष्कर येत असे आणि गोळ्या घालून जात असे. पिंग्री हे स्वतः सातशे कामगारांचे मालक. त्यांनी लष्कर बोलावण्यास साफ नकार दिला आणि कंपनीला सांगितले की लवादाने मिटवा. तीन दिवसांत कंपनी वाकली. त्याच वर्षी नगरसेवकांनी याच कंपनीला आणखी ३० वर्षांचा मक्ता देण्याचा घाट घातला, तेव्हा महापौरांनी नकाराधिकार वापरून तो ठराव परत पाठवला.

पुढची चार वर्षे भांडण चालले ते दोन सेंटांवरून. कंपनी एका फेरीला पाच सेंट घेई. पिंग्री म्हणत, तीन सेंटांत ट्राम चालते आणि नफाही राहतो. दोन सेंट म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून आकडे मांडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. कामगार दिवसाला दोन फेऱ्या करील, वर्षाला ३०० दिवस कामावर जाईल. पाच सेंटांप्रमाणे त्याचे वर्षाला ३० डॉलर जातात, तीन सेंटांप्रमाणे १८. फरक १२ डॉलरचा. साध्या मजुराची मजुरी दिवसाला डॉलर-दीड डॉलर होती. म्हणजे वर्षातले आठ ते बारा दिवस तो माणूस फक्त कंपनीच्या वरकमाईसाठी राबत होता. शेवटी पिंग्रींनी दुसरी कंपनी उभी राहण्यास मदत केली आणि १८९५ मध्ये तिच्या गाड्या तीन सेंटांवर धावू लागल्या. त्याच वर्षी शहराच्या मालकीचे वीज केंद्र सुरू होऊन रस्त्यावरचे दिवे पालिकेने स्वतः लावायला सुरुवात केली.

शाळा मंडळाचे प्रकरण तर सिनेमात शोभण्यासारखे आहे. १८९४ च्या उन्हाळ्यात महापौर शाळा मंडळाच्या बैठकीला जाऊन बसले. शाळांसाठी माल घेताना काही सभासद लाच खातात, याचा पुरावा त्यांच्याजवळ होता. लाच खाणाऱ्यांनी इथल्या इथे राजीनामे द्यावेत, नाहीतर तुरुंगात जावे, असे त्यांनी भर सभेत सुनावले. सभासदांनी राजीनामे दिले नाहीत. पोलिस दाराशीच उभे होते, त्यांनी चार जणांना धरून नेले. आपल्याकडे शाळांच्या गणवेषापासून खिचडीच्या तांदळापर्यंत काय चालते याबद्दल आपण सगळेच बोलतो. त्या सभेच्या दाराशी पोलिस उभा करण्याची छाती किती जणांना होईल?

आता बटाट्यांची गोष्ट सांगतो. पिंग्रींचे नाव जगभर झाले ते याच गोष्टीने.

१८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. रेल्वे कंपन्या बुडाल्या, बँका बंद पडल्या, कारखान्यांची दारे लागली. डेट्रॉइटची वस्ती १८९० च्या जनगणनेत २,०५,८७६ होती. त्या शहरात हजारो माणसे बेकार झाली. सर्वांत जास्त हाल झाले ते नव्याने आलेल्या पोलिश आणि जर्मन कुटुंबांचे. भाषा येत नाही, उधारी मिळत नाही. पालिकेच्या गरीब-मदत खात्याचा पैसा संपत आला. श्रीमंतांचे म्हणणे नेहमीचेच होते : हे लोक आळशी आहेत, फुकटचे खायला सोकावतील.

पिंग्रींनी शहराच्या नकाशाकडे पाहिले. सट्टेबाजांनी भाव वाढण्याची वाट पाहत घेऊन ठेवलेले हजारो एकर भूखंड शहराच्या कडेने पडीक होते. महापौरांनी मालकांना आवाहन केले की ही जमीन एका हंगामापुरती गरिबांना पेरायला द्या. १८९४ मध्ये ४३० एकर जमीन मिळाली. एका लष्करी कप्तानाच्या देखरेखीखाली तिचे पाव ते अर्ध्या एकराचे तुकडे पाडले. बियाणे, अवजारे यांना पैसा हवा होता. चर्चमध्ये वर्गणी मागितली, तर जमले १३ डॉलर ८० सेंट! तेव्हा महापौरांनी आपला आवडता घोडा लिलावात काढला आणि तो खऱ्या किमतीपेक्षा कितीतरी कमी पैशांत गेला. वर्तमानपत्रांनी 'बटाटेवाला महापौर' म्हणून व्यंगचित्रे काढली.

जमिनीसाठी सुमारे तीन हजार कुटुंबांनी अर्ज केले होते. साधने पुरली ९४५ कुटुंबांना. पेरणीला उशीर झाला होता, त्यात पाऊस कमी. तरीही बटाटे, घेवडा, सलगम असे जे पीक निघाले त्याची किंमत १४ हजार डॉलरच्या घरात गेली. खर्च झाला होता सुमारे ३,६०० डॉलर. म्हणजे कुटुंबामागे चार डॉलरही खर्च नाही, आणि घरात पंधरा डॉलरच्या आसपास अन्न. ज्यांना आळशी म्हटले होते त्या घरांतल्या बायका, म्हातारी माणसे, पोरे त्या तुकड्यांवर राबली. दुसऱ्या वर्षी दीड हजारांवर कुटुंबे आली, तिसऱ्या वर्षी त्याहून जास्त. न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया, बफेलो या शहरांनी हीच योजना उचलली. हसणारे गप्प झाले.

या ठिकाणी मला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांची आठवण होते. ६ डिसेंबर १९६४ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लाखो माणसांनी स्वतःहून तुरुंग भरले. मागणी हीच होती की पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. पण दोन्हींतला फरक मोठा आहे. आपल्या आयाबायांनी जमीन हक्काने मागितली होती. पिंग्रींची जमीन उसनी होती. मंदी सरली, भाव चढले, मालकांनी भूखंड परत घेतले, आणि पोलिश मजूर पुन्हा भूमिहीनच राहिला. एका हिवाळ्याची भूक भागली. जमिनीच्या मालकीला हात लागला नाही. पिंग्री उदार होते, शूर होते, पण त्या बाबतीत ते कारखानदारच राहिले, असे मला वाटते. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की उपाशी माणसाला तत्त्वज्ञान ऐकवीत न बसता त्यांनी घोडा विकला.

या सगळ्याची किंमत त्यांना मोजावी लागली. ज्या प्रेस्टन नॅशनल बँकेचे ते संचालक होते तिने त्यांना संचालक मंडळातून वगळले. बडी घरे त्यांच्याशी बोलेनाशी झाली. आपल्या वर्गाच्या हिताविरुद्ध गेलेल्या माणसाला त्याचा वर्ग बहिष्कृत करतो, मग तो देश कोणताही असो. बहिष्काराचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. पण बहिष्कार टाकणाऱ्यांना पिंग्रींची मते काही काढून घेता आली नाहीत. ज्या मोहल्ल्यांत ते पहिल्या निवडणुकीत भीतभीत गेले होते, ते मोहल्ले त्यांच्या मागे उभे राहिले.

१८९६ च्या निवडणुकीत ते मिशिगनचे राज्यपाल झाले. आपल्यासारखे दिल्लीहून नेमलेले राज्यपाल नव्हेत. तेथे राज्यपाल म्हणजे आपला मुख्यमंत्री, आणि तो थेट लोकांच्या मतांनी येतो. महापौरपदही सोडायचे नाही, असा त्यांचा हट्ट होता. १८९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पदे एकाला ठेवता येणार नाहीत असा निकाल दिला, तेव्हा महापौरपद सोडावे लागले. हा हट्ट काही चांगला म्हणता येत नाही. आपल्यावाचून गाडा चालणार नाही असे वाटू लागले की भला माणूसही घसरतो. राज्यपाल म्हणून त्यांनी रेल्वे कंपन्यांवर त्यांच्या मालमत्तेच्या खऱ्या किमतीप्रमाणे कर बसवण्यासाठी झगडा दिला. राज्याच्या वरिष्ठ सभागृहातील १९ सभासदांच्या गटाने तो वर्षानुवर्षे अडवून धरला. शेतकऱ्याच्या झोपडीवर पूर्ण कर आणि रेल्वेच्या करोडोंच्या मालमत्तेवर नाममात्र, हा अन्याय त्यांनी लोकांपुढे मांडला. याच काळात अमेरिकेच्या विद्यापीठांतूनही कर कोणावर आणि किती बसवावा याची चर्चा चालली होती. तेथला या विषयाचा एक मोठा पंडित म्हणजे कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. सेलिग्मन, आणि १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचलेले आपले बाबासाहेब याच सेलिग्मनांचे विद्यार्थी झाले.

एक डाग लपवून चालणार नाही. राज्यपालपदाच्या अखेरीस पिंग्रींनी नेमलेल्या लष्करी खात्याच्या अधिकाऱ्यांनी सरकारी साहित्याच्या विक्रीत मोठा अपहार केला. तो उघडकीस आला. आणि शाळा मंडळाच्या सभासदांना भर सभेत पोलिसांच्या हवाली करणाऱ्या याच माणसाने पद सोडता सोडता आपल्या त्या अधिकाऱ्यांना माफी दिली. परक्याची चोरी दिसते, आपल्या माणसाची दिसत नाही. हा रोग आपल्या चळवळीने फार जवळून पाहिला आहे, म्हणून अधिक काही लिहीत नाही.

पद संपल्यावर ते आफ्रिकेच्या प्रवासाला गेले आणि परतीच्या वाटेवर लंडनमध्ये आजारी पडून १८ जून १९०१ रोजी वारले. ६१ वर्षेही पुरी झाली नव्हती.

वाचक विचारतील, आपल्या महापौराच्या हातात पिंग्रींसारखा अधिकार कोठे आहे? खरे आहे. आपल्याकडे महापौर अडीच वर्षांचा, तो नगरसेवकांनी निवडलेला, आणि कारभाराची सारी सूत्रे शासनाने पाठवलेल्या आयुक्ताच्या हाती. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आपल्याला सभागृहात राखीव जागा दिल्या. त्यामुळे खुर्ची मिळाली, पण तिजोरीची किल्ली काही मिळाली नाही. म्हणून खुर्चीवरच्याने काहीच करू नये काय? महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव तीन वर्षे कागदावर पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले, तेव्हा कोठे तो ठराव काय होता हे जगाला कळले. आणि त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी तो रद्दही केला. तेव्हा पालिकेचा ठराव ही क्षुल्लक गोष्ट आहे असे निदान आपण तरी म्हणू नये. महापौराला ठेक्याचे कागद सभागृहात मागवता येतात, मोठ्याने वाचता येतात, आणि आपल्या वस्तीतल्या पोरांना प्रेक्षक सज्जात बसवता येते. यासाठी आयुक्ताची परवानगी लागत नाही.

डेट्रॉइटचे पुढे काय झाले तेही सांगतो. १९२२ साली शहराने ट्राम आपल्या मालकीची केली. तेव्हा महापौर होते जेम्स कझन्स. फोर्ड मोटार कंपनीत भागीदारी करून कोट्यधीश झालेले, म्हणजे तेही धंद्यातून आलेले. मोटारींच्या कारखान्यांसाठी दक्षिणेतून लाखो काळे लोक या शहरात आले, आणि १९७४ साली कोलमन यंग हे शहराचे पहिले काळे महापौर झाले. तोवर कारखाने आणि गोरी वस्ती शहर सोडून चालली होती. १९५० साली साडेअठरा लाखांच्या जवळपास असलेली वस्ती आता सात लाखांच्या आत आहे. २०१३ साली पालिकेचे दिवाळे निघाले, आणि २०१४ मध्ये पाणीपट्टी थकली म्हणून हजारो गरीब घरांचे, बहुतेक काळ्या कुटुंबांचे, नळ तोडण्यात आले. त्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीही निषेध केला.

शहराच्या मध्यभागी ग्रँड सर्कस पार्कमध्ये पिंग्रींचा पुतळा आहे. १९०४ साली लोकांच्या वर्गणीतून तो बसवला. पिंग्री खुर्चीत बसलेले दाखवले आहेत, आणि बलाढ्य खाजगी कंपन्यांपासून असलेल्या धोक्याची सूचना लोकांना सर्वप्रथम त्यांनी दिली, अशा अर्थाचा मजकूर खाली कोरला आहे. आणि पडझड झालेल्या वस्त्यांतल्या मोकळ्या भूखंडांवर आता काळी कुटुंबे पुन्हा भाजीपाला पिकवतात. जमीन कोणाच्या नावावर राहणार, यावरून त्यांचे पालिकेशी भांडण चालूच असते.